येसबाचं फडकं

झोप लागली म्हणावं तर कानात पंखा कुरकुरतोय, जागं म्हणावं तर पापणी उचलत नाही. दुपारचे अडीच. पोटात अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी, कपाटाच्या दाराला इस्त्री करून टांगलेली मोतिया रंगाची साडी, उशाशी भाषणाचे चार कागद. पाच वाजता गाडी येणार आहे. हेमलताबाई टिपणीस कुशीवर वळतात, परत उताण्या होतात आणि मनाशी म्हणतात, दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं.

ह्या बाई कोण ते आधी सांगून टाकू. वय चौऱ्याहत्तर. जनावरांच्या डॉक्टर, पण दवाखाना थाटून बसलेल्या नव्हेत, संशोधनातल्या. घोड्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद कुठून येते, किती दिवस टिकते, लस टोचून ती आणता येते का, ह्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. त्यातही एकच रोग त्यांनी धरून ठेवला. शिंगरांच्या, म्हणजे घोड्याच्या पिल्लांच्या, जबड्याखाली गाठी येतात, नाकातून पिवळा शेंबूड लोंबतो, गाठी फुटतात आणि पू गळतो, तो रोग. शी! तो वास एकदा ज्याच्या नाकात बसला त्याला पुढे महिनाभर श्रीखंड खाववत नाही. बाईंना मुळातच किळस फार. तबेल्यातून आल्या की कोपरापर्यंत हात धुवायच्या, तीनदा. घरी आल्यावर चौथ्यांदा. लोक म्हणायचे, बाई नको त्या धंद्यात पडल्या. बाई म्हणायच्या, किळस आहे म्हणूनच स्वच्छ काम होतं.

त्यांची लस एके काळी गाजली. आज सहा वाजता त्याबद्दल जीवनगौरव आहे, शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि त्याच मंचावर एका कागदावर सही करायची आहे. केतकी मोहोळकर नावाची तरुण शास्त्रज्ञ बाईंची जुनी लस पुन्हा उभी करणार आहे. बर्फात ठेवलेली सात नंबरची बाटली, तिच्यापासून नवी लस, आणि येत्या हिवाळ्यात तीनशे शिंगरांना ती टोचायची. शिंगरांना दुसरं कसलंही संरक्षण द्यायचं नाही. ही लस काम करते हे मी स्वतः पाहिलं आहे, एवढंच बाईंनी लिहून द्यायचं.

आणि नेमकं तेवढंच बाईंनी पाहिलेलं नाही. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक माणूस मेला, त्याला एकवीस वर्षं झाली.

कोपऱ्यात पाणी वाहतंय.

बाई मान वळवतात. झोपायच्या खोलीत बेसिन कधी नव्हतं, आता आहे. पांढरं, तोटीला लांब दांडा असलेलं, प्रयोगशाळेतलं. आणि त्यापुढे वाकून एक माणूस हात धुतोय. डोक्याला मळकं मुंडासं, पायात टायरच्या चपला, पाठीला जरासा बाक.

"बाई, साबन कुटं ठिवला वो?"

"तिथेच असेल, येसबा," बाई म्हणतात. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं, की हा माणूस आता नाही. पण ते लक्षात येणंसुद्धा कसं मऊ, लांबून आल्यासारखं. घाबरायला काही होत नाही.

येसबा खिलारे. घोडपैदास केंद्रातला मोतद्दार. घोड्यांना खरारा करणं, चंदी चारणं, आजारी शिंगराजवळ गवतावर झोपणं, हे त्याचं काम आणि हाच त्याचा संसार. बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. सही येत नव्हती, पण घोडी कण्हायच्या आत तिचं पोट दुखतंय हे त्याला कळायचं.

"किती वेळ धुताय?" बाई विचारतात.

"तुमीच म्हनलासा न्हवं, हात सोच्छ न्हाईत म्हनून. एकवीस वर्सं धुतोय. जातंय कुटं?"

तो हात वर करतो. तळवे लख्ख, अगदी गोरे पडलेत. पण बेसिनमध्ये पाणी तुंबलंय, आणि ते पिवळं आहे. घट्ट. वर साय धरलेलं. बाईंना उमासा येतो. त्या पदर नाकाला लावतात.

"हे माज्या हाताचं न्हाई, बाई," येसबा हळूच म्हणतो. "हे आपलं खालनं वर येतंय."

बाई पाय खाली टाकतात ते फरशीवर नाही, गवतावर. लांबलचक पागा. दोन्हीकडे शिंगरं, वीस इकडे, वीस तिकडे. इकडच्यांच्या आयाळीत निळ्या फिती, तिकडच्यांच्या लाल. बाई छत्तिशीच्या आहेत, अंगात पांढरा कोट, हातात तापमानाची वही. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येतो, कोरा, घाईतला.

"येसबा, नीट लक्षात ठेवा. निळ्या फितीवाल्यांवर प्रयोग आहे. लाल फितीवाली नुसती तुलनेला. गल्लत करायची नाही."

"न्हाई करनार, बाई."

निळ्यांना लस, जरा गढूळ. लालना नुसतं मीठपाणी, नितळ. एवढी साधी गोष्ट. बाई वळून निघून जातात, सुया उकळायला टाकायला, आणि त्याच वेळी बाई तिथेच उभ्याही राहतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अनवाणी. त्या दिवशी आपण गेल्यावर काय झालं ते त्या आज पहिल्यांदा बघताहेत.

येसबा निळ्या फितीच्या शिंगराच्या गळ्यात हात टाकून उभा आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं?" बाई विचारतात.

"परयोग म्हनलासा."

"मग?"

"चला, दावतो."

चालायचं काही नाही, ते आधीच तिथे आहेत. मागच्या बाजूची बुटकी खोली, पत्र्याचं छप्पर, रांगेने पिंजरे. गिनीपिगांची खोली. तिच्या दारावर बाईंच्याच अक्षरात पाटी आहे, प्रयोगाचे प्राणी. रोज सकाळी मेलेले गिनीपिग बादलीत भरून नेऊन पुरायचे, हे कामही येसबाकडेच होतं. आता तो बादली धरून उभा आहे आणि पिंजऱ्यांतून शिंगरांची तोंडं बाहेर आली आहेत, वीस तोंडं, निळ्या फिती.

"हितनं जितं कोन बाहीर गेलंय का, बाई? परयोगाचं म्हनलं की मेलं. मला काय ठावं, तुमी ह्यास्नी वाचवाय बघताय म्हनून? तुमी कवा सांगितलं?"

बाईंनी कधीच सांगितलं नव्हतं. मोतद्दाराला कोण सांगतं? एक शब्द वापरला आणि चालत्या झाल्या.

येसबा बादली खाली ठेवतो आणि कमरेचं फडकं सोडतो. अहाहा, काय ते फडकं! जुन्या मुंडाश्याचा वीतभर तुकडा, वाळून कडक झालेला, मधोमध पिवळट तपकिरी खपली. गेल्या साली रोग होऊन बऱ्या झालेल्या घोडीची गाठ त्यानं पुसली, आणि फडकं आठवडाभर उन्हात वाळवलं. त्याचा बाप असंच करायचा, आजाही. वाळलेल्या पुवाचं फडकं शिंगराच्या नाकपुडीत आतून एकदा हलकं फिरवायचं. दोन दिवस अंग तापतं, बारकीशी गाठ येते, जाते. मग मोठा रोग त्या जनावराच्या वाटेला जात नाही.

तो एकेका निळ्या फितीच्या नाकात फडकं फिरवतो. फिरवून झालं की मुंडाश्याच्या शेवाची गाठ सोडून गुळाचा खडा तळव्यावर धरतो. शिंगरू फुरफुरतं आणि तळवा चाटून पुसून साफ करतं. लाल फितीवाल्यांकडे तो बघतही नाही. ती सुखरूपच आहेत, त्यांच्यावर प्रयोग नाही.

बाईंना किळस येते. फडक्याची नाही, खरं तर. हातातल्या वहीची. वहीत तिसऱ्या दिवशी त्यांनीच लिहिलंय, निळ्या गटात किरकोळ ताप, लसीचा अपेक्षित परिणाम. अक्षर किती सुंदर! त्या महिन्यात रोगाची साथ आली. निळी एकोणीस शिंगरं उड्या मारत राहिली, लालमधली सतरा आजारी पडली, चार गेली. बाईंनी पेढे वाटले होते.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"तांबड्या फितीवाल्यास्नीबी लावलं असतं तर ती चार वाचली असती. माझं चुकलंच की वो."

ज्यानं वाचवलं तो माफी मागतोय, आणि जिनं पेढे वाटले ती पदर नाकाला लावून उभी आहे. बाईंना स्वतःचा असा काही वीट येतो की अंगावरची कातडी काढून वाळत घालावी. "तुमचं नाही चुकलं," त्या म्हणतात. जबड्याखाली काहीतरी टणक लागतंय. त्या हाताने चाचपतात. लिंबाएवढी गाठ.

टाळ्या.

सभागृह भरलेलं आहे. मंचावर फुलांच्या माळा, समई, तीन खुर्च्या. समोर रांगेने घोड्या उभ्या आहेत, चकचकीत खरारा केलेल्या, कान टवकारून. निवेदक म्हणतोय, "ज्यांनी आयुष्यभर स्वच्छतेचं आणि सत्याचं व्रत..." शी! बाईंना वाटतं, ह्याच्या तोंडावर साबण फेकून मारावा. त्या खुर्चीतून उठू बघतात, पण कोणीतरी मागून शाल पांघरतं. शाल कडक आहे. खांद्याला टोचते. बाई खाली बघतात. शालीच्या मधोमध खपली आहे, पिवळट तपकिरी.

"काढा! काढा हे!"

"असू द्या," कानाशी येसबाचा आवाज. "तुमचीच हाय. धा वर्सं हीच पांघरून फिरलासा न्हवं गावोगाव?"

टाळ्या थांबत नाहीत. टापांच्या टाळ्या आहेत त्या.

मग फाटक. केंद्राचं मोठं लोखंडी फाटक, शेजारी गवताच्या गाड्यांचा वजनकाटा. येसबा स्टुलावर बसलाय. इथे बाईंना यायचं नव्हतं. सगळीकडे चालेल, इथे नको.

कारण इथेच त्यांनी त्याला बसवलं. लस बाजारात येऊन चार वर्षं झाली होती आणि दुसऱ्या तबेल्यांतून पत्रं येऊ लागली होती, की लस टोचूनही शिंगरं मरताहेत. बाई टेबलावर पत्रं पसरून डोकं धरून बसल्या होत्या. येसबा चहा घेऊन आला, उभा राहिला आणि अगदी भोळेपणाने म्हणाला, "तितं कुनी फडकं लावलं नसंल, बाई. मी जाऊन लावून यिऊ का?" एका क्षणात बाईंना सगळं कळलं. तोंडचं पाणी पळालं. आणि त्यांनी काय केलं? पत्रांना उत्तरं धाडली, की लस नीट बर्फात ठेवली गेली नसेल. आणि येसबाच्या कागदावर शेरा मारला, 'अस्वच्छ वर्तन. तबेल्यात प्रवेश बंद.' दोन ओळी. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनाकडून वाचून दाखवायला लावल्या, सगळ्या मोतद्दारांसमोर. पुढची तीन वर्षं तो ह्या काट्यावर गवत तोलत बसला. घोडी फिरायला निघाली की दुरूनच त्याला ओळखून खिंकाळायची. तो उठून उभा राहायचा आणि परत खाली बसायचा. गेला तेव्हा बाई परिषदेसाठी परगावी होत्या. मुद्दाम.

पत्रांचं म्हणाल तर ती वाढतच गेली. लस गुपचूप मागे पडली. कौतुक तेवढं छापलेलं राहिलं.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?" बाई विचारतात. त्यांचा आवाज घोगरा येतोय, गाठ मोठी होते आहे. "माझं नाव घेऊन ओरडायचंत."

"काय सांगायचं? शेरा तुमी मारला, तुमी शिकलेल्या. मला वाटलं, खरंच माज्या हाताला घान असंल." तो तळवे उलटसुलट करून बघतो. "म्हातारी इचारायची, तबेल्यातनं का काडलं? मी म्हनलं, हात धुवाय कमी पडलो."

बाई हुंदका द्यायला बघतात, पण हुंदका वर येत नाही. श्वासही नीट येत नाही. नाकातून काहीतरी कोमट ओघळतं, ओठावर येतं. त्यांना ठाऊक आहे ते काय आहे, कोणत्या रंगाचं आहे. तीस वर्षं त्याचे नमुने काचेवर पसरले. आपल्याच ओठावर! त्या पदराने पुसतात, पुसतात, ते थांबत नाही.

येसबा स्टुलावरून उठतो आणि त्यांच्या जबड्याखाली बोटं लावतो. अगदी शिंगराला लावावीत तशी, हलकी.

"पिकलीया. किती दिस दाबून ठिवली ही?"

"चोवीस वर्षं..."

"बाहेरनं फुटली तर बरं. आत घशात फुटली तर जनावर गुदमारतं. तुमीच आमास्नी शिकवलंया ना? न्हाई, मीच तुमास्नी शिकवलं व्हतं." तो हसतो. वरचे दोन दात नाहीत. "आन आता म्हनं तीनशे शिंगरं हायती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ती बगा की."

काट्याच्या पलीकडे माळ आहे. माळावर शिंगरं, दूरपर्यंत, लटपटत्या पायांवर उभी. सगळ्यांच्या आयाळीत निळ्या फिती.

"त्यास्नी फडकं कोन लावनार? मी तर हितं."

बाई बोलायला तोंड उघडतात. पूच येतो फक्त.

येसबा कमरेचं फडकं सोडतो. बाई मागे सरकतात, मागे काट्याची लोखंडी दांडी आहे. "नको," त्या म्हणतात, "येसबा, नको हो, मला किळस येते."

"ठावं हाय. नाक पुडं करा. पोरीवानी."

फडकं नाकपुडीत शिरतं. कडक, खरखरीत. सडका वास, त्याच्यामागे उन्हाचा, त्याच्यामागे घोड्याच्या घामाचा. बाईंचं सगळं अंग उलट्यापालट्या घड्या पडल्यागत आक्रसतं, आणि मग जबड्याखाली काहीतरी सुटतं. घळाघळा वाहतं. किती ते! आणि श्वास येतो, पोटापर्यंत खोल, कितीतरी वर्षांनी.

"झालं," येसबा म्हणतो. "आता हात पुडं करा."

तो मुंडाश्याचा शेव सोडतो आणि त्यांच्या उजव्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवून मूठ मिटवतो.

"तुमी लई शिकलासा, बाई. पर काम झाल्यावर जनावराला गूळ द्यायचा असतो, ते तेवडं कुनी शिकवलं न्हाई तुमास्नी."

पंखा कुरकुरतोय.

हेमलताबाई डोळे उघडतात. चार वाजून दहा मिनिटं. उशी ओली झालीय, घामाने की कशाने. नाक चोंदलंय. बाई झटकन जबड्याखाली हात नेतात. गाठ नाही, सुरकुत्या आहेत फक्त. स्वप्न. दुधीने पित्त केलं असणार, दुसरं काय.

तेवढ्यात त्यांना तळव्यावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. त्या हात डोळ्यांपुढे धरतात. मुंग्या. लाल, बारक्या. खिडकीच्या चौकटीतून निघालेली रांग पलंगाच्या पायावरून चढून, चादरीवरून, थेट त्यांच्या उजव्या मुठीत शिरली आहे. बाई बोटं उलगडतात. बोटं सहज उलगडत नाहीत, एकमेकांना चिकटली आहेत. तळव्याच्या मधोमध विरघळलेल्या गुळाचा तपकिरी डाग, आणि त्यात अडकलेला एक आखूड, राठ केस.

बाईंना मधुमेह आहे. ह्या घरात अकरा वर्षं गुळाचा खडा आलेला नाही.

फोन वाजतो. केतकी. "मॅडम, गाडी निघतेय. तो सहीचा कागद मी मंचावरच देते तुम्हाला, चालेल ना? फोटो छान येईल."

"केतकी, सात नंबरची बाटली उघडू नकोस."

"म्हणजे?"

"मी सही करणार नाही. ती लस काम करते असं मी कधीच पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते वेगळं होतं, ते आज सगळ्यांसमोर सांगणार आहे."

केतकी अगदी हलक्या आवाजात म्हणते, "मॅडम, पण भाषण तर पत्रिकेबरोबर छापून आलंय. त्याचा विषय..."

"विषय बदल. लिहून घे. येसबा खिलारे, मोतद्दार. आणि त्यांचं फडकं. हो, फडकंच. बरोबर ऐकलंस."

फोन ठेवून बाई उठतात आणि सवयीने मोरीकडे जातात. साबण जागेवर आहे, पांढरा, नवाकोरा. त्या नळ सोडतात. पाणी स्वच्छ येतं. तळवा धारेखाली न्यायला हात पुढे होतो आणि तिथेच थांबतो.

बाई नळ बंद करतात. तळव्यावरच्या मुंग्यांवर फुंकर घालतात, एकेक करून उडवून लावतात. मग आजवर कोणाच्या उष्ट्या भांड्याला बोट न लावलेली ती बाई मान खाली घालून आपला तळवा चाटते. गोड लागतं. थोडं खारटही, घोड्याच्या घामासारखं. केस जिभेवर येतो, तो ती बोटाने काढून भाषणाच्या कागदावर ठेवते आणि राहिलेला तळवा पुन्हा चाटते, पुसून साफ होईपर्यंत.